अडचणीवर एकमत, उपायावर भांडण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्वारका चौकातली वाहतूक कोंडी, गोदावरीत मिसळणारं सांडपाणी, कांद्याचा पडलेला भाव. नाशिकमध्ये मिसळ खाताना यातला कुठलाही विषय काढा, तासभर सहज जातो आणि कोणी कोणाचं म्हणणं खोडत नाही. आपण अडचणीतच का रमतो, याचं उत्तर मला इथंच सापडतं. गाऱ्हाणं मांडणाऱ्याला सगळे दुजोरा देतात. उपाय सुचवला की मात्र विचारणा सुरू होते: गाडी कोणी लांब लावायची, वर्गणी किती, जबाबदारी कोणाची? उपायात कोणाला तरी काही सोडावं लागतं. सोसायटीच्या सभेत गळक्या टाकीवर चर्चा रंगते, पण प्लंबरला कोण बोलावणार हे इतिवृत्तात येतच नाही.

तेच ते उगाळताना आपण विचार करतोय असं वाटत राहतं, आणि हे मला फार घातक वाटतं. अमेरिकेत १९८९ मध्ये लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची माहिती योगायोगाने त्याआधीच गोळा केली होती. दुःख उगाळत बसण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची लक्षणं जास्त दिसली.

उदाहरणासाठी इतकं लांब जायलाही नको. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझरच्या शेतांपर्यंत नीट पोहोचत नव्हतं. वरच्या शेतकऱ्यांना आणि सरकारी खात्याला बोल लावत आयुष्य काढता आलं असतं. पण १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र बसवलं आणि पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, आतली वाटणी आपण करायची, पाणीपट्टीही आपणच गोळा करायची, असं ठरलं. मोजमाप आल्यावर कोणाच्या वाट्याला किती, यावर निदान हिशेबाने बोलता येऊ लागलं. पुढे अख्ख्या वाघाड प्रकल्पाचं व्यवस्थापन अशा संस्थांच्या हाती आलं. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा राज्याने केला तो २००५ मध्ये, म्हणजे ओझरकरांनी सुरुवात केल्यावर बऱ्याच वर्षांनी.

तक्रार करूच नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. गोदावरीच्या प्रदूषणाचा विषय मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला तो नागरिकांनी तक्रार चिकाटीने लावून धरली म्हणूनच. तिथं काय हवं आणि कोणाकडून हवं, हे लिहून मागावं लागतं. आपल्या रोजच्या बोलण्यात नेमकं तेच नसतं.

म्हणून एक विनंती. २०२७ च्या सिंहस्थामुळे रस्ते, घाट आणि पाण्याबद्दल आपल्याकडे पत्रांचा ओघ वाढेल. प्रत्येक पत्रलेखकाकडून दोन ओळी जास्तीच्या मागाव्यात: हे काम कोणत्या कार्यालयाचं आहे आणि लिहिणारा स्वतः त्यासाठी काय करायला तयार आहे. महिन्याभराने त्या पत्राचं पुढे काय झालं, तेही त्याच सदरात छापावं. इंदिरानगर भागातून येणाऱ्या पत्रांचा पाठपुरावा करायला, कार्यालयात जाऊन माहिती आणायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक