खालची पट्टी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाळंतपणानंतर आवाज बसला गं आई, काळी चारच्या पट्टीला चढतच नाही. तानपुरा विकून टाकते." तव्यावर भाकरी होती, घरात पाहुणे होते, मी गप्प राहिले. रात्री झोप मात्र लागली नाही.

काल मावशीकडे थाळनेरला गेले होते. किल्ल्याखाली तापीच्या काठी उभी राहिले नि आठवलं, मंगेशकर भावंडांचं हे आजोळ, त्यांच्या आई, माई, इथल्याच. मग वाटेभर एसटीत आशाताईच मनात होत्या. 1942 मध्ये वडील गेले, 1943 मध्ये या पोरीनं 'माझं बाळ' चित्रपटासाठी पहिलं गाणं म्हटलं. सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न, आणि पुढे दोन मुलं हाताशी नि तिसरं पोटात घेऊन माहेरी परत. मुलांना खाऊ घालायचं तर मिळेल ते गाणं गायचं.

मनू, मला त्यांची 1981 ची गोष्ट सांगायची आहे. 'उमराव जान'साठी संगीतकार खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. तेव्हा त्या पन्नाशीकडे झुकलेल्या, वरच्या सुरातली चपळाई हीच ओळख. ती बाजूला ठेवून त्या खाली उतरल्या, आणि तिथं आवाजाचा जो दाणेदार गाभा सापडला तो ऐकताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. पहिला राष्ट्रीय पुरस्कार त्यांना त्याच गाण्यांनी दिला. त्यानंतरही साठी ओलांडून 'रंगीला', आणि 2023 मध्ये नव्वदाव्या वाढदिवशी दुबईत मंचावर उभ्या राहून गाणं!

तुझा आवाज बसलेला नाही गं. मागच्या महिन्यात बाळाला पाळण्यात झोपवताना तू गुणगुणत होतीस, तेव्हा आजी धान्य निवडता निवडता थांबली. सूप मांडीवर तसंच. मला हळूच म्हणाली, "पोरना आवाज आते भरना." मीही ऐकत होते, आवाज खरंच भरलाय. मंद्रातला, खालच्या सप्तकातला तो पंचम लग्नाआधी तुझ्याकडे नव्हता.

तानपुरा विकू नकोस. काळी तीनला लाव, नाहीतर त्याहून खाली, गळा जिथं सुखावेल तिथं. बाळ निजल्यावर दहा मिनिटं नुसता षड्ज लाव. श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना येशील तेव्हा तानपुरा सोबत आण, तारांची जवारी इथं लावून घेऊ. रात्री गाणी म्हणायला बायका बसतील, आजीनं तुझी जागा आतापासूनच धरून ठेवली आहे.

तुझी आई