लीकच्या बातम्या आवरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवा भयपट शुक्रवारी लागला की शनिवारी त्याची एक ठरलेली बातमी येते: 'प्रदर्शित होताच ऑनलाइन लीक, निर्मात्यांना मोठा फटका'. मथळ्यात हळहळ असते. खाली मात्र चित्रपट कोणत्या संकेतस्थळावर आला, कोणत्या ॲपवर फिरतो आहे, प्रत एचडी आहे की मोबाइलने टिपलेली, हा सगळा तपशील असतो. शेवटी 'आम्ही पायरसीचे समर्थन करत नाही' अशी एक ओळ. ज्याला फुकटचा ठिकाणा माहीत नव्हता, त्याला तो बातमीतूनच कळतो. या बातम्यांचे स्वरूप बदलावे, एवढ्यासाठी हे पत्र.

पायरसीचा मार सगळ्याच चित्रपटांना बसतो, पण भयपटाला तो जास्त लागतो. या चित्रपटांत सहसा मोठे नट नसतात. पुढे काय होणार हे ठाऊक नसणे, हेच त्यांचे भांडवल. त्यामुळे प्रेक्षक पहिल्या दोन-तीन दिवसांतच गर्दी करतो आणि दुसऱ्या आठवड्यात गल्ला झपाट्याने उतरतो. चोरलेली प्रत नेमकी याच दिवसांत फिरते. शेवटच्या प्रसंगाची क्लिप एकदा मोबाइलवर येऊन पडली की तिकीट काढायचे कारणच उरत नाही.

शिवाय त्या प्रतीत दिसते तरी काय? अंधाऱ्या खोलीतला प्रसंग घ्या. कोपऱ्यात कुणीतरी उभे आहे, हे जेमतेम जाणवेल एवढाच उजेड छायालेखकाने ठेवलेला असतो. मोबाइलचा कॅमेरा अंधार दिसला की आपणहून उजेड वाढवतो. काळ्याचे करडे होते, पडदाभर दाणे नाचू लागतात आणि कोपऱ्यातली ती आकृती त्यात विरून जाते. पाठीमागच्या स्पीकरमधून यावी म्हणून जीव ओतून बसवलेली पावलांची चाहूल शेजारच्या प्रेक्षकाच्या खोकल्यासकट एकाच सपाट आवाजात मिसळते. मग पाहणारा 'काही भीती वाटली नाही' असे लिहून, एक तारा देऊन मोकळा होतो. ध्वनिसंयोजकाच्या मेहनतीची ही माती मला पैशांच्या नुकसानीइतकीच खुपते.

२००७ मध्ये 'हॉस्टेल: पार्ट टू'ची अर्धवट प्रत प्रदर्शनाआधीच फुटली. तीत संगीत अपुरे होते, ध्वनिपरिणाम नव्हते, आणि तरीही काहींनी तिच्यावरून परीक्षणे लिहिली, असे दिग्दर्शक एली रॉथ यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले होते. चित्रपटाची कमाई पहिल्या भागापेक्षा बरीच कमी झाली. तिचे सगळे खापर पायरसीवर फोडता येणार नाही. पण कामाचा कच्चा खर्डा चोरून त्यावरच निकाल द्यायचा, हा अन्याय आहेच.

'चोरीने उलट प्रसिद्धीच होते' असे म्हणणाऱ्यांनी १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आठवावा. आयत्या वेळी नाव बदलताना त्यावरची स्वामित्वहक्काची ओळ गळली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे हक्कच गेला. ज्याला वाटेल त्याने प्रती काढून विकल्या, आणि तेही कायद्याने. चित्रपट जगभर गाजला, झॉम्बीपटांची रांग लागली. त्या परस्पर विक्रीतले काहीही दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पदरात पडले नाही. नुसत्या प्रसिद्धीवर पुढचा चित्रपट उभा राहत नाही.

आणि भयपटात तर नवख्यांचा पुढचा चित्रपट महत्त्वाचा. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' सुमारे १५ हजार डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात चित्रित झाला आणि त्याने जगभरात १९ कोटी डॉलरहून अधिक कमावले. ओळखपाळख नसलेल्या माणसाला या धंद्यात शिरायला भयपटाइतके मोकळे दार दुसरे नाही. मोठी कंपनी एखादा तोटा पचवते. उसनवारीवर पहिला चित्रपट काढणारा पहिल्याच आठवड्यात बुडाला, तर पुन्हा कॅमेऱ्यामागे दिसत नाही. (काही देशांत चित्रपट महिनोन्महिने अधिकृतपणे पोहोचतच नाही, हा दोष मात्र वितरकांचा, आणि तो त्यांनीच सुधारायला हवा.)

तेव्हा विनंती अशी. लीकची बातमी द्यायचीच असेल, तर तक्रार कुणी केली, तपास कुठवर आला, कोण पकडले गेले, ते द्या. २००९ मध्ये 'एक्स-मेन ओरिजिन्स: वुल्व्हरिन'ची अपुरी प्रत प्रदर्शनाच्या महिनाभर आधी इंटरनेटवर चढवणाऱ्याला २०११ मध्ये एका वर्षाची कैद झाली. अशा शिक्षांच्या बातम्या क्वचितच वाचायला मिळतात. संकेतस्थळाचे नाव, ॲप, प्रतीचा दर्जा आणि कथेचा शेवट, एवढे गाळा. त्या जागी चित्रपट अधिकृतपणे कुठे पाहता येईल, ते छापा.

आपला,
एक नियमित वाचक