मध्ययुगात मुलांवर माया नव्हती, असं कसं म्हणता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला बालपणाच्या इतिहासावरचा लेख वाचला, मस्त लिहिलाय, पण सुरुवातीच्या मध्ययुगातल्या ख्रिस्ती लोकांना मूल म्हणजे नुसतं जन्मजात पापी, माया-बिया सगळी नंतरची, हे काही पटलं नाही. मध्ययुगात बालपणाची कल्पनाच नव्हती ही थिअरी फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली मांडली, नंतरच्या अभ्यासकांनी ती पार खिळखिळी केली तरी आपल्याकडच्या लेखांमधून ती अजून फिरतेच आहे.

लेखात चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टिन या ख्रिस्ती संताचा दाखला आहे तो खराय. दूधभावाला पाजताना बघून फिकं पडलेलं, बोलताही न येणारं मत्सरी बाळ मी स्वतः पाहिलंय असं तो लिहितो, म्हणजे बाळाचं अंग दुबळं म्हणून निरागस, मन नाही. पण हाच माणूस शाळेत मास्तरांनी मारू नये म्हणून देवाची प्रार्थना करायचो आणि आईवडील त्या मारावर हसायचे हेही लिहितो, आणि म्हातारपणी विचारतो की मरण किंवा पुन्हा बालपण यातलं एक निवडा म्हटलं तर बालपण कोण घेईल! हा काय मुलांचा द्वेष आहे का, मला तर हा मार खाल्लेल्या पोराचा राग वाटतो.

आणि ऑगस्टिन म्हणजे सगळं ख्रिस्ती जग नव्हे ना. तूर शहराचा बिशप ग्रेगरी ५८० सालच्या गॉलमधल्या (म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या) साथीबद्दल लिहितो, रक्ताची हगवण होती आणि सगळ्यात आधी लहान मुलं गेली. तिथे तो एकदम इतिहासकाराचा सूर सोडतो, आमची गोड लाडकी लेकरं गेली म्हणतो, ज्यांना मांडीवर खेळवलं, कडेवर नाचवलं, स्वतःच्या हाताने भरवलं. बिशप बोलतोय हे! त्याच साथीत तिथल्या फ्रेडेगुंड राणीची दोन्ही मुलं आजारी पडली, आणि ही बाई एरवी चांगलीच क्रूर, पण गोरगरिबांचे तळतळाट लागले म्हणून तिने आपल्या गावांच्या करवसुलीच्या याद्या आगीत टाकल्या आणि राजालाही टाकायला लावल्या. मुलं वाचली नाहीत ती नाहीतच.

संत बेनेडिक्टचे सहाव्या शतकातले ख्रिस्ती मठाचे नियम बघा, समज नसलेल्या मुलाला चुकीबद्दल उपास नाहीतर छडी हेही त्यात आहे आणि लहान मुलांना व म्हाताऱ्यांना जेवणाचे कडक नियम लावू नका, वेळेआधी खाऊ द्या हेही आहे. एकाच पुस्तकात दोन्ही, मग आपण फक्त छडीच का सांगायची?

लेखकाला टीकाच करायची होती तर खरा मुद्दा वेगळा होता, तो लेखात आलाच नाही. आईबाप मूल मठाला अर्पण करायचे, त्याचा हात वेदीच्या कापडात गुंडाळायचे आणि झालं, ते कायमचं मठाचं. बीड नावाचा इंग्लंडमधला साधू-इतिहासकार असाच सातव्या वर्षी मठात गेला आणि तिथे रमला, पण सगळे कसे रमतील? ६३३ च्या स्पेनमधल्या तोलेदोच्या धर्मसभेने तर सांगूनच टाकलं की बापाची भक्तीही माणसाला साधू करू शकते, मुलाने स्वतः शपथ घेतली नसली तरी. ८२९ मध्ये गॉट्शाल्क नावाचा तरुण जर्मनीतल्या माइन्झच्या धर्मसभेपुढे उभा राहिला, मला लहानपणी माझ्या मर्जीविरुद्ध साधू केलं म्हणाला, तर त्याच्या मठाधिपतीने, ह्रबानुस मौरुसने, मुलं अर्पण करण्याच्या बाजूने आख्खा ग्रंथ लिहिला. म्हणजे मुलाची मर्जी मोजायची की नाही यावर तेव्हाच रीतसर भांडण चालू होतं. पुढच्या रविवारी याच्यावर लिहायला सांगा ना लेखकाला.

आपला,
एक नियमित वाचक