आरोग्य विम्याच्या फोनबाबत: रविवारी सकाळी १० वाजता, सभागृहात

सर्व सभासदांना नमस्कार,

आरोग्य विमा विकणारे आणि इतर जाहिरातींचे फोन थांबावेत म्हणून येत्या रविवारी सर्वांच्या मोबाइलवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची (जाहिराती नकोत अशी) नोंद करणार आहोत. आपापला मोबाइल चार्ज करून आणा. ज्यांना घरूनच नोंद करायची आहे त्यांनी १९०९ वर फोन लावून सगळ्या जाहिराती बंद करायला सांगावे. बँकेचे ओटीपी त्यानंतरही येतात, काळजी नको.

तोवर एवढे पाळा:

• जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करायचा नियम आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी विमा विकत असेल तर तिथेच फोन ठेवा. क्रमांक आणि तारीख लिहून ७ दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करा.

• “आयआरडीएआयमधून बोलतोय, बोनस अडकलाय” असे सांगणारा फसवाच. आयआरडीएआय ही विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था आहे; ती विमा विकत नाही, बोनसही वाटत नाही.

• मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया हे फोनवर अजिबात लपवू नका. “त्याची गरज नाही” असे विक्रेता म्हणतो आणि पुढे दावा नाकारला जातो, तेव्हा तो सापडत नाही. आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान इथेच होते.

• पॉलिसी घेतलीच असेल तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन हप्ता परत मिळतो. कंपनी दाद देत नसेल तर आयआरडीएआयच्या १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

• सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड मोफत आहे. त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

गेल्या महिनाभरात नवी पॉलिसी घेतलेल्यांनी तिचे कागद रविवारी जरूर आणावेत.

– कार्यकारिणी, ज्येष्ठ नागरिक संघ