क्लोनला आठवणी कुठून येणार?

महोदय,

विज्ञानकथांच्या आम्हा वाचकांच्या बैठकीत अलीकडे क्लोनिंगच्या नैतिकतेवर चर्चा झाली, तेव्हा माणसाची प्रतिकृती त्याच्या आठवणींसह जन्माला येईल, असे बहुतेकांनी गृहीतच धरले होते. क्लोनिंगमध्ये मूळ जीवाच्या पेशीचे केंद्रक बीजांडात घालतात; त्या केंद्रकातून जनुके जातात, स्मरण नव्हे. २००१ मध्ये टेक्सासमध्ये क्लोनिंगने जन्मलेल्या मांजरीच्या अंगावरचे रंगसुद्धा मूळ मांजरीशी जुळले नाहीत, मग आठवणींचे काय घेऊन बसलात!

स्मरण कमवावे लागते. घनपाठ ही वेदपठणाची पद्धत शिकणारा विद्यार्थी पहिली दोन पदे सुलट, मग उलट, मग तिसऱ्या पदासह पुन्हा सुलट-उलट म्हणत ऋचा पक्की करतो आणि त्यात त्याची वर्षे जातात. प्राचीन ग्रीक-रोमन वक्ते ओळखीच्या वास्तूतील एकेका जागी भाषणाचा एकेक मुद्दा मनाने ठेवत. (आमच्यातल्या निम्म्यांना घरच्यांचे दूरध्वनी क्रमांकही पाठ नाहीत, हा भाग वेगळा.)

म्हणूनच मरण पावलेल्या मुलाची प्रतिकृती मागणाऱ्या पालकांच्या हाती येईल ते एक नवे, अनोळखी मूल, आणि त्याच्यावर दुसऱ्याचे आयुष्य जगण्याची सक्ती होईल. माझा खरा आक्षेप यालाच आहे. शिवाय १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत डॉली ही क्लोन केलेली मेंढी जन्मली, त्या प्रयोगात केंद्रक बदललेल्या २७७ बीजांडांतून अवघे २९ भ्रूण रोपणापर्यंत पोहोचले आणि जगले ते एकच कोकरू. माणसाच्या बाबतीत उरलेल्या २७६ चा हिशेब कोण देणार, हे बैठकीत कोणी विचारले नाही.

– एक वाचक, पुणे