चवथीला येताना बीपीचं यंत्र आणा : ग्राम आरोग्य समितीचं आवाहन

सर्व चाकरमानी आणि ग्रामस्थ,

बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. घोडं अडतं ते त्यापुढे. महिन्यातून एकदा माप घेतलं, १३०/८० आलं, की ‘बरं झालं’ म्हणून गोळी बंद होते. आकडा खाली आलेला असतो तो त्या गोळीमुळेच. पुन्हा चढला तरी बहुधा काही दुखत-खुपत नाही, त्यामुळे कळतही नाही. उलट घाटी चढून आल्या आल्या माप घेतलं तर बीपी उगाच जास्त दिसतं. म्हणून घरच्या घरी सलग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ माप हवं.

त्यासाठी प्रत्येक वाडीत एक यंत्र ठेवणार आहोत. ते आठवडाभर एका घरी राहील, मग पुढच्या घरी जाईल.

यंत्र दंडावर पट्टा बांधायचं, डिजिटल हवं. मनगटावरचं आणू नका. हात जरा खाली-वर झाला की आकडा चुकतो. सोबतचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडाचा असतो. तोच जाड दंडाला बांधला तर बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. त्यामुळे त्याच कंपनीचा मोठा पट्टा मिळाला तर जरूर आणा. मुंबईच्या घरी कपाटात पडून असलेलं यंत्रही चालेल, फक्त आत सेल गळलेले नाहीत ना, ते उघडून बघा. जुनी यंत्रं उपकेंद्रातल्या यंत्राशी ताडून मगच वाटू. पेन्सिल सेल आणि वह्याही द्या. रोख रक्कम नको. पावत्यांचा व्याप समितीला झेपणारा नाही.

दहावी-बारावीच्या मुलांचा वेळही हवा आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे आकडे मुलांनी लिहायचे. चहा, मिश्री, तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. लघवीला जाऊन आल्यावर पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवायचं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटं. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोन मापं घ्यायची आणि दोन्ही लिहायची, बरं दिसणारं तेवढंच नव्हे. सकाळचं माप गोळीच्या आधी.

गुडघेदुखीची गोळी घेतली असेल तर तीही वहीत यावी. काही वेदनाशामकांनी बीपी चढतं, आणि डॉक्टरांना हे सहसा कुणी सांगत नाही. सुका बांगडा, लोणचं, पापड खाल्ले तर तेही लिहा.

पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस आपल्या मनाने बदलू नका. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

यंत्रं उपकेंद्रात आशाताईंकडे द्या. गौरी-गणपती विसर्जनानंतर ती वाड्यांवर जातील.