रात्र काळी का?

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, म्हणजे शिव्या तयारच असतील. राहू देत. तब्येत ठीक, गुडघा तसाच. आज बसलोय ते चिऊमुळे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

महिना झाला. वीज गेली म्हणून गच्चीवर पडलो होतो. "बाबा, रात्र काळी का असते?" म्हटलं, सूर्य मावळतो म्हणून. "पण तारे म्हणजे सूर्यच ना? मग इतक्यांचा उजेड का नाही पडत?" "लांब आहेत. झोप आता." बंड्या, आपल्या त्या सरांचाच आवाज निघाला रे माझ्या तोंडून! 'परीक्षेला नाही, खाली बस.'

ती झोपली, माझीच झोप उडाली. कारण 'लांब आहेत' हे उत्तरच नव्हे. लांबचा तारा मंद खरा, पण जितकं लांब जावं तितके तारेही वाढत जातात. विश्व अथांग आणि अनादि असतं, तर नजर कुठेही टाकली तरी एखाद्या ताऱ्यावर अडलीच असती, दाट जंगलात चहूकडे खोडंच दिसावीत तशी. सगळं आभाळ सूर्यासारखं पेटलेलं असतं. 1823 मध्ये ओल्बर्सने हेच कोडं मांडलं होतं. पेशाने डॉक्टर, रात्री दुर्बिणीला डोळा. (आणि तुला म्हणे नोकरीमुळे वेळ नाही!) खरी गोम अशी की विश्वाला वय आहे, सुमारे 1380 कोटी वर्षं. फार पलीकडचा उजेड अजून पोचलेलाच नाही. सुरुवातीचा लखलखाट तर आजही सगळीकडे आहे, पण विश्व पसरताना ताणला जाऊन सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) झालाय, डोळ्यांना दिसत नाही. 1964 मध्ये पेन्झियस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या अँटेनात त्याची खरखर आली, तेव्हा त्यांनी आधी कबुतरांची घाण साफ करून पाहिली!

एवढं सगळं घेऊन दुसऱ्या दिवशी धावत गेलो. चिऊ म्हणाली, "बरं." आणि गेली. तेव्हापासून एक प्रश्न नाही. विचारायचं असतं तेव्हा माझ्याकडे बघते आणि गप्प बसते. ते बघणं सहन होत नाही रे.

आपलं आठवतं? उगवता चंद्र मोठा का, यावर आठ दिवस अबोला! तुझं ते 'हवेचं भिंग'. मी कागदाच्या नळीतून दाखवलं की चंद्र वर आल्यावरही तेवढाच असतो, तर तू नळीच फाडलीस. आता कबूल करतो, माझं 'शेजारी झाडं असतात म्हणून' हेही पुरं नव्हतं. भर समुद्रातही तो मोठाच दिसतो. नजर का फसते, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. म्हणजे बरोबरी. पण नळीचं देणं बाकी आहे.

आईंचं ऑपरेशन नीट झालं ना? नवी नोकरी जमतेय? वहिनींना नमस्कार.

येत्या पौर्णिमेला ये. चंद्र उगवताना चिऊसमोर छातीठोकपणे तुझं भिंग सांग. मी मान डोलावीन, नळी तिच्या हाताशी ठेवीन. यावेळी फाडू नकोस.

तुझा,
बाळ्या